वळणावरची किंचाळी

पांढुर्णा आणि सौसर ही दोन गावं 2023 पासून एकाच जिल्ह्यात नांदत असली, तरी त्यांचे लोहमार्ग वेगळे आणि त्या मार्गांचे स्वभावही वेगळे. पांढुर्ण्यावरून दिल्ली-चेन्नईची मुख्य लाइन जाते. तिचा नागपूर-इटारसी हा तुकडा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1920 च्या दशकात घातला. पांढुर्णा सोडून गाडी उत्तरेला निघाली की तिगाव-चिचोंड्याचा घाट लागतो आणि तो चढून ती मुलताईच्या पठारावर पोहोचते. सौसरची लाइन त्याहून जुनी. बंगाल नागपूर रेल्वेच्या सातपुड्यातल्या नॅरोगेज जाळ्यातला नागपूर-छिंदवाडा हा फाटा, दोन रुळांमधलं अंतर जेमतेम 762 मिलिमीटर. सावनेर, लोधीखेडा, सौसर, रामाकोना करत छिंदवाड्याच्या डोंगरात शिरणारी ती छोटी गाडी 2015 च्या अखेरीस थांबली. पुढच्या काही वर्षांत त्याच दिशेने 1676 मिलिमीटरची ब्रॉडगेज आली.

ट्राम या दोन्ही गावांनी पाहिली नाही. पण ट्रामच्या शहरांना शंभर-सव्वाशे वर्षं छळणारा एक आवाज लोखंडी चाक, लोखंडी रूळ आणि तीव्र वळण एकत्र आलं की कुठेही निघू शकतो. वळणावर चाक किंचाळतं. गाडीचा नेहमीचा धडधडाट कानाला सवयीचा होतो, रात्री झोपेतही माणूस तो पचवतो. ही किंचाळी पचत नाही. एकाच सुरात, उंच पट्टीत, अचानक सुरू होऊन अचानक थांबणारा हा आवाज वळणाला लागून असलेल्या घरात थेट शिरतो. पुढची पानं या आवाजाच्या कारणांविषयी आणि उपायांविषयी आहेत. मुख्य प्रतिपादन सुरुवातीलाच सांगायला हवं: रूळ आले म्हणजे किंचाळी आलीच, हा समज चुकीचा आहे. ही किंचाळी काही मिलिमीटरच्या घसरणीतून जन्मते, ती घसरण कुठे आणि का होते हे ठाऊक आहे, आणि ती काबूत आणायचे मार्गही ठाऊक आहेत.

आधी एक गल्लत दूर करू. स्टेशनात गाडी थांबताना जो चिरका आवाज येतो तो बहुतेक वेळा ब्रेकचा असतो. घाट उतरणाऱ्या मालगाडीच्या आवाजातही ब्रेकचा वाटा मोठा. ब्रेक सोडले की तो जातो आणि सरळ रुळावरही तो ऐकू येतो. वळणावरच्या किंचाळीला ब्रेक लागत नाहीत. ती वळणाबरोबर सुरू होते आणि वळणाबरोबर संपते. तक्रार करणाऱ्याने आणि तक्रार ऐकणाऱ्यानेही हा फरक आधी ओळखावा, कारण दोन्हींची औषधं निराळी आहेत.

आता चाकांखाली पाहू. रेल्वेची दोन समोरासमोरची चाकं एकाच घट्ट आसावर बसवलेली असतात. एक जितके फेरे घेईल तितकेच दुसऱ्याला घ्यावे लागतात. सरळ मार्गावर यात काहीच अडचण नाही. वळणावर मात्र बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असतो. भारतीय रेल्वेत ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या कमीत कमी 175 मीटर ठेवता येते, म्हणजे रेल्वेच्या भाषेत 10 अंशांचं वळण. तिथे बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा दर मीटरमागे सुमारे एक सेंटीमीटर लांब पडतो. हा फरक भरून निघावा म्हणून चाकाची धावती कड सपाट न ठेवता किंचित उतरती ठेवलेली असते. गाडी वळणात शिरली की चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला सरकते, बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर आणि आतलं बारीक भागावर धावू लागतं, आणि हिशोब जुळतो.

पण किती जुळतो? 915 मिलिमीटर व्यासाचं, वीसास एक उताराचं नवं चाक दहा मिलिमीटर सरकलं, तर दोन चाकांच्या त्रिज्येत फक्त एक मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढ्यावर साधारण 800 मीटर त्रिज्येपर्यंतची वळणं सुखाने निभतात. त्याहून तीव्र वळणात चाकाला घसरावंच लागतं.

हे घसरणं दोन तऱ्हेचं. एक रुळाच्या दिशेने, पुढे-मागे. दुसरं आडवं, आणि किंचाळीचं मूळ या दुसऱ्यात आहे. डब्याखाली दोन आस एका चौकटीत समांतर बांधलेले असतात, ती बोगी. आस समांतर आहेत म्हणून वळणात दोघांनाही एकाच वेळी केंद्राकडे तोंड करता येत नाही. पुढचा आस तिरपा राहतो. त्याची चाकं एका दिशेला पाहतात आणि रूळ त्यांना दुसऱ्या दिशेला नेतो, त्यामुळे प्रत्येक मीटरमागे चाक रुळाच्या माथ्यावरून थोडं थोडं आडवं ओढलं जातं. चाक आणि रूळ एकमेकांना जिथे टेकतात ती जागा नखाएवढी असते. भरलेल्या मालवाघिणीत तेवढ्याशा जागेवर दहा-अकरा टन वजन असतं. तिथे चाक क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, पुन्हा सुटतं. सारंगीच्या तारेवर राळ लावलेला गज फिरतो तेव्हा नेमकं हेच घडतं. फरक इतकाच की इथे तारेच्या जागी काहीशे किलोचं पोलादी चाक आहे. चाक ज्या सुरांत निनादू शकतं, त्यांपैकी एखाद्या सुराला हे चिकटणं-सुटणं जाऊन मिळालं की किंचाळी पेटते. पोलादात तो नाद जिरवणारं काही नसतं. पूर्वी स्टेशनात गाडी उभी राहिली की हातोडीने चाकं ठोकत जाणारा कर्मचारी याच नादावरून भेगाळलेलं चाक ओळखायचा.

सर्वांत जास्त बोंब बहुतेकदा पुढच्या आसाचं आतलं चाक मारतं. बघणाऱ्याची नजर बाहेरच्या चाकावर खिळते, कारण त्याची उभी कड बाहेरच्या रुळाला घासताना दिसते. त्या घासण्याचाही आवाज असतो, पण तो बारीक, तुटक, सिसकारीसारखा. लांबवर जाणारी एकसुरी किंचाळी मुख्यतः आतल्या रुळाच्या माथ्यावरून निघते. ही गोष्ट विसरली की उपाय चुकीच्या रुळावर होतो.

तिचा सूर काहीशे हर्ट्झपासून चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत कुठेही असू शकतो. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट. त्यामुळे मीटरवर जेवढा आकडा दिसतो त्याहून हा आवाज जास्त बोचतो.

एम. जे. रड यांनी 1976 साली या विषयावर लिहिलेल्या शोधनिबंधातून एक ढोबळ नियम रूढ झाला: वळणाची त्रिज्या बोगीच्या दोन आसांमधल्या अंतराच्या शंभर पटीहून कमी असेल तर किंचाळीची भीती धरावी. हा नियम आपल्या गाड्यांना लावून पाहण्यासारखा आहे. जुन्या निळ्या आयसीएफ डब्याच्या बोगीत आसांमधलं अंतर 2.896 मीटर, म्हणजे 290 मीटरच्या आतलं वळण धोक्याचं. लाल एलएचबी डब्याला 2.56 मीटर, म्हणजे मर्यादा 256. मालवाघिणीच्या कॅसनब बोगीला 2 मीटर, मर्यादा 200. मुख्य लाइनवरची वळणं सहसा यापेक्षा सौम्य राखतात. यार्ड, साइडिंग आणि फाट्यांवर मात्र तीव्र वळणं भेटतात. नॅरोगेजला तर 44 मीटर त्रिज्येपर्यंत मुभा होती, आणि डोंगरात स्वस्तात मार्ग काढता यावा म्हणूनच सातपुड्यात नॅरोगेज निवडली गेली. नागपूरच्या मोतीबागेत 2002 साली सुरू झालेल्या नॅरोगेज संग्रहालयात त्या काळची इंजिनं आणि डबे आहेत. सौसरच्या वाचकाने तिथे डब्यांआधी त्यांच्याखालच्या चौकटी बघाव्यात. एवढ्याशा चौकटीवर एवढी वळणं कशी पार पडत, हे तिथे हाताच्या अंतरावरून कळतं.

ट्रामचं दुखणं याच हिशोबातून उघड होतं. शहरातल्या चौकात ट्रामला काटकोनात वळायचं असतं आणि त्रिज्या मिळते वीस-पंचवीस मीटरची. बोगी कितीही आखूड केली तरी शंभरपटीच्या नियमाच्या जवळपासही पोहोचता येत नाही. मुंबईत 9 मे 1874 रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, 7 मे 1907 पासून विजेची, 1920 मध्ये दुमजली, आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. नाशिकमध्येही 1889 पासून गावातून नाशिक रोड स्टेशनपर्यंत ट्राम होती. मुंबईची ट्राम थांबली तेव्हा महाराष्ट्राचा ट्रामशी संबंध संपला. बाहेरच्या जगात मात्र संपलेल्या ट्रामा परत येत आहेत, आणि आपल्याकडे तीच जागा मेट्रो घेते आहे. सौसर-पांढुर्ण्याहून रोज कामाला नागपूर गाठणाऱ्यांच्या डोक्यावरून 2019 पासून मेट्रो धावते आहे. घरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून शहरी गल्ल्यांमध्ये वळणारी गाडी म्हणजे ट्रामचाच प्रश्न वरच्या मजल्यावर नेणं. म्हणून ट्रामवाल्या शहरांचा अनुभव आपल्यासाठी शिळा झालेला नाही.

बॉस्टनचं उदाहरण घ्या. तिथला भुयारी ट्राममार्ग 1 सप्टेंबर 1897 रोजी सुरू झाला, अमेरिकेतला पहिला. बॉयल्स्टन स्टेशनापाशी त्याला जे तीव्र वळण आहे ते वरच्या रस्त्यांच्या आखणीमुळे आलं. गाड्यांच्या पिढ्या बदलल्या, वळण तेच राहिलं, आणि तिथली कर्कश किंचाळी आजही शहराच्या ओळखीचा भाग आहे. एकदा भिंती आणि पाये उभे राहिले की त्रिज्या वाढवता येत नाही. म्हणून किंचाळीवरचा सर्वांत स्वस्त उपाय नकाशाच्या टेबलावरच होतो. तिथे 150 ऐवजी 300 मीटरची त्रिज्या धरायला थोडी जास्त जमीन लागते. नाहीतर त्याची किंमत नंतर दर वर्षी ग्रीस, रूळघासणी आणि लोकांच्या झोपेच्या रूपाने मोजावी लागते.

दुसरा उपाय गाडीत आहे, आणि त्याचं सुंदर उदाहरण मराठी मुलखातच आहे. नेरळ-माथेरान मार्ग 1907 साली सुरू झाला तेव्हा त्यासाठी जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कोपेल कंपनीकडून जी वाफेची इंजिनं आणली, त्यांच्या कडेच्या आसांना वळणानुसार सरकण्याची आणि तिरपं होण्याची सोय होती. क्लिन-लिंडनर या नावाने ती रचना ओळखली जाते. आसाने वळणाच्या केंद्राकडे तोंड केलं की आडवी घसरण कमी होते, आणि घसरण कमी झाली की आवाजाचं कारणच जातं. आजच्या वळणसुलभ बोग्यांचा गाभाही हाच. सिडनीच्या उत्तरेकडे बीक्रॉफ्ट भागात मालगाड्यांच्या किंचाळीने लोक हैराण झाले, तेव्हा रुळाशेजारी यंत्रं लावून प्रत्येक आसाचा तिरपेपणा मोजला गेला. सर्वांत मोठा आवाज सगळ्या वाघिणी करत नव्हत्या. वळणात ज्यांच्या बोग्या नीट फिरत नव्हत्या त्या मोजक्या वाघिणी करत होत्या. याचा अर्थ असा, की गाडी मुकाट जाते की ओरडत जाते हे पुष्कळदा कारखान्यातल्या देखभालीवर ठरतं, आणि रुळाशेजारी राहणाऱ्याने नोंदवलेली वेळ देखभालीच्या कामी येऊ शकते.

चाकालाच मुकं करण्याची युक्तीही जुनी. 1936 साली अमेरिकेत पीसीसी नावाच्या ट्रामा धावू लागल्या. त्यांच्या चाकात पोलादी धाव आणि मधला भाग यांच्यामध्ये रबर होतं. रबर नाद जिरवतं आणि आसालाही थोडी लवचिकता देतं. ट्रामसाठी हा उपाय आजही उत्तम मानला जातो. तो जसाच्या तसा उचलला की काय होतं हे मात्र 3 जून 1998 रोजी जर्मनीतल्या एशेडे इथे दिसलं. वेगवान आयसीई गाडीत, विशेषतः उपाहारगृहाच्या डब्यात, जाणवणारी थरथर आणि घरघर घालवण्यासाठी तिला रबर बसवलेली चाकं दिली होती. त्यांतल्या एका चाकाची बाहेरची धाव थकव्याने चिरली, ताशी 200 किलोमीटरच्या वेगात गाडी घसरून पुलाला धडकली आणि 101 माणसं मेली. आवाज कमी करण्याचा प्रत्येक उपाय सुरक्षेच्या कसोटीतून आधी जायला हवा, हे या घटनेने रेल्वे अभियंत्यांच्या मनावर कायमचं कोरलं. पोलादी चाकाला बाजूने बसवायच्या कड्या किंवा शोषक पट्ट्या हा त्यामानाने सौम्य मार्ग.

तिसरी जागा चाक आणि रूळ यांच्यामधली. तीव्र वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला ग्रीस लावणं हे भारतीय रेल्वेत रोजचंच काम आहे. कुठे कीमन हाताने लावतो, कुठे रुळाला जोडलेलं यंत्र चाकाच्या धक्क्याने थोडं थोडं सोडतं. हे ग्रीस मुख्यतः झीज वाचवण्यासाठी असतं आणि त्याने कडेची सिसकारी थांबते. आतल्या रुळाच्या माथ्यावरच्या किंचाळीला ते पुरत नाही, आणि माथ्यावर ग्रीस फासून चालतही नाही. तिथे चाकाला पकड हवी. तिगाव-चिचोंड्यासारख्या घाटात चढताना इंजिनाची चाकं जागेवर फिरली किंवा उतरताना ब्रेक धरले नाहीत, तर आवाजाची तक्रार फार क्षुल्लक ठरेल.

यातून मार्ग काढणारं द्रव्य कॅनडातल्या अभियंत्यांनी व्हँकुव्हरच्या स्कायट्रेनच्या अनुभवातून पुढे आणलं. कोरड्या रुळावर घर्षणाचा गुणांक 0.5 च्या वर जाऊ शकतो. पाण्यात कालवलेलं हे द्रव्य माथ्यावर सुकलं की तो 0.35 च्या आसपास राहतो. ब्रेकला तेवढी पकड पुरते. आणि खरी करामत पुढे आहे. कोरड्या रुळावर घसरण वाढली की घर्षण कमी होतं, त्यातूनच चिकटणं-सुटणं पेटतं. या द्रव्यावर घसरण वाढली तरी घर्षण ढळत नाही, त्यामुळे किंचाळीला ठिणगीच मिळत नाही. खर्च, धूळ, उन्हाळ्यात लवकर उडून जाणं या अडचणी आहेतच. म्हणून सगळ्या मार्गावर शिंपडत बसण्यापेक्षा वस्तीला लागून असलेली वळणं निवडून तिथे वापरण्यात शहाणपण आहे.

वेग कमी करण्याची सूचना गावोगावी सर्वांत आधी येते. धडधडाटासाठी ती ठीक. किंचाळीसाठी तिचा भरवसा धरता येत नाही, कारण आस किती तिरपा राहील हे वळण ठरवतं, वेग नाही. कासवगतीने वळणारी ट्रामही किंचाळते आणि हळू गेल्याने जास्त वेळ किंचाळते. रुळाकडेच्या आवाजरोधक भिंतींचा उपयोग खालच्या घरांना होतो, वरच्या मजल्यांना फारसा नाही.

मोजमापाबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण अन्याय तिथेच होतो. आपल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. ही मर्यादा सरासरीची असते. समजा, वळणालगतच्या घरापाशी तासाला एकदा दहा सेकंद 80 डेसिबलची किंचाळी येते आणि बाकी वेळ 45 डेसिबल शांतता असते. त्या तासाची सरासरी भरते सुमारे 55. म्हणजे दिवसा कागदावर सगळं नियमात. घरातलं तान्हं मूल मात्र प्रत्येक गाडीला दचकून उठतं, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीची ओळ प्रत्येक वेळी तुटते. म्हणून किंचाळीची तक्रार करताना सरासरीच्या जोडीला कमाल पातळी, ती किती सेकंद टिकली, आणि रात्रीत किती वेळा आली, या तीन गोष्टी नोंदवायलाच हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी रेल्वेच्या आवाजाची रात्रीची शिफारस 44 डेसिबल ठेवली, त्यामागे झोपेचाच विचार होता.

पांढुर्णा-सौसरच्या वाचकाला या पुस्तिकेतून काही करून बघता यावं अशी इच्छा आहे. फाटकापाशी, रुळापासून सुरक्षित अंतर राखून, वळणाचे दोन रूळ निरखावेत. बाहेरच्या रुळाचं आतलं अंग खरवडल्यासारखं झिजलेलं दिसतं का, त्यावर काळं ग्रीस आहे की कोरडी चकाकी, आतल्या रुळाच्या माथ्यावर बारीक लाटा उठल्या आहेत का. एवढ्या तीन गोष्टी दिसल्या तरी अभियंत्याशी बोलताना बोलणं भरीव होतं.

आणि एक चाचणी निसर्ग दर वर्षी फुकट करून देतो. ओल्या रुळावर किंचाळी बहुतेकदा विरते. त्याच वळणावर त्याच गाडीची नोंद मे महिन्याच्या कोरड्या रात्री घ्यावी आणि मग जुलैच्या झडीत घ्यावी. पावसात आवाज गेला, तर रोग माथ्यावरच्या घर्षणाचा आहे आणि घर्षण आवरणाऱ्या द्रव्याची मागणी करायला आधार मिळतो. पावसातही तो तसाच राहिला, तर ब्रेक, रुळाचा सांधा किंवा एखाद्या वाघिणीची बोगी तपासायला सांगावं, आणि त्या गाडीची तारीख-वेळ अर्जात लिहावी.